आडबाजूच्या डोंगरात तांब्याचा छोटासा साठा सापडला, तर तिथे खाण होऊ शकते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सह्याद्रीत ट्रेकच्या वाटेवर काळ्या कातळातल्या पोकळ्यांना हिरवा थर दिसला, तो तांब्याचा असेल का. आणि अशा आडवळणी जागी थोडंसंच तांबं खरोखर निघालं, तर कोणी खाण काढेल का.

पहिल्याचं उत्तर बहुधा नाही. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला जो मळकट हिरवा, मातकट लेप बसतो तो सेलाडोनाइट. त्यात लोह आणि मॅग्नेशियम असतं, तांबं नसतं. वाघोलीच्या दगडखाणीतला निळाशार कॅव्हनसाइट पाहिला की नवखा माणूस हमखास मोरचूद म्हणतो, पण तो निळा रंग व्हॅनेडियमचा. खरा तांब्याचा हिरवा म्हणजे मॅलॅकाइट. त्याच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. त्या हिरवट द्रावणात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा बुडवला की खिळ्यावर तांबूस थर चढतो. (हे उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करा. गडावर नको, घरी आणलेल्या चिमूटभर चुऱ्यावर करा.) सेलाडोनाइट यातलं काहीच करत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'क्वचित, पण हो'. माझं काम मध्य भारतात ड्रिलिंगच्या कोअर (जमिनीत भोक पाडून काढलेले दगडाचे दांडे) तपासण्याचं. त्यामुळे 'साठा किती टनांचा' हा प्रश्न रोज कानावर येतो. दुर्गम जागेसाठी मात्र खरा प्रश्न वेगळा असतो: एक टन तांबं बाहेर काढायला किती टन माल वाहावा लागणार? याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अलास्कातली केनेकॉटची जुनी खाण. भूविज्ञानाच्या दृष्टीनेही ते मराठी माणसाला रस वाटावा असं आहे, कारण तिथलं तांबं आपल्यासारख्याच बेसाल्टमधून आलंय.

तिथले मूळ रहिवासी अहत्ना लोक नैसर्गिक तांब्याचे गोळे ठोकून अवजारं करत. त्यांच्या निकोलाई नावाच्या प्रमुखाने १८९९ मध्ये गोऱ्या शोधकऱ्यांना तांब्याची एक जागा दाखवली, ती अन्नधान्याच्या मोबदल्यात. तो साठा किरकोळ निघाला. पण पुढच्याच उन्हाळ्यात जॅक स्मिथ आणि क्लॅरेन्स वॉर्नर या दोघांना हिमनदीच्या वर उंच कड्यावर हिरवा पट्टा दिसला. घोड्यांना चारा मिळेल अशा आशेने ते वर गेले असं सांगतात. ते गवत नव्हतं, तांब्याचं खनिज होतं.

आता दगडांची रचना बघा. खाली निकोलाई ग्रीनस्टोन, म्हणजे ट्रायासिक काळात (वीस कोटी वर्षांहून आधी) थरांवर थर ओतला गेलेला बेसाल्ट. आपल्या दख्खनच्या कातळाहून तो खूप जुना, पण प्रकार तोच. त्याच्यावर चिटिस्टोन नावाचा चुनखडक. बेसाल्टमध्ये मुळात तांबं असतंच, पण दर दहा लाख भागांत दीडशेच्या आसपास. म्हणजे टनामागे दीडशे ग्रॅम. आपल्या बेसाल्टमध्येही तेवढ्याच मापाचं सापडतं, त्याची खाण होत नाही. केनेकॉटला वेगळं घडलं ते एवढंच, की तो बेसाल्ट पुढे खोल गाडला गेला, तापला, त्यातली खनिजं बदलली आणि गरम खारट पाण्याने तांबं धुऊन वर नेलं. वर चुनखडकाच्या भेगांत त्या पाण्याला गंधक भेटलं आणि तांबं तिथेच अडकलं. सगळा माल चुनखडकाच्या तळाशी, बेसाल्टच्या सीमेच्या थोडासा वर, उभ्या पाचरीसारख्या भेगांत साचलेला. पाचरीचा जाड भाग खाली, निमुळता वर. सीमा ओलांडून खाली गेलं की संपलं.

सह्याद्रीत यातलं अर्धंही जुळत नाही. आपले थर जवळपास आडवेच राहिले, एवढे खोल गाडले गेले नाहीत, आणि वर चुनखडकाचं झाकणही नाही. म्हणून 'बेसाल्ट आहे म्हणजे तांबं असणार' हा तर्क इथे लावू नका.

केनेकॉटचं खनिज होतं कॅल्कोसाइट. मुद्दा नेमका इथे आहे. जगात बहुतेक ठिकाणी तांबं येतं ते कॅल्कोपायराइटमध्ये. आमच्या शेडमध्ये कोअरचे ट्रे उघडले की राखाडी गारेतून (क्वार्ट्झमधून) पितळी रंगाची बारीक रेघ पळताना दिसते, तेच ते. खिशातल्या चाकूने ओरखडा उठला तर कॅल्कोपायराइट, नाही उठला तर पायराइट, म्हणजे तांबं नसलेलं नुसतं लोह-गंधक. नवीन पोरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पण शंभर नंबरी कॅल्कोपायराइट घेतलं तरी त्यात तांबं साधारण ३५ टक्के, बाकी लोह आणि गंधक. दोन तृतीयांश भाडं तुम्ही लोह-गंधकाचं भरता. कॅल्कोसाइटमध्ये तांबं जवळपास ८० टक्के. केनेकॉटच्या जंबो खाणीतल्या एका मोठ्या तुकड्याची सरासरीच ७० टक्क्यांच्या आसपास होती. असला दगड दळायचा नाही, धुवायचा नाही, पोत्यात भरून थेट धाडायचा.

तरीही धाडायचा कसा? समुद्र तीनशे किलोमीटरवर, मध्ये हिमनद्या. स्टीफन बर्च या तरुण इंजिनिअरने हक्क विकत घेतले, मागे गुगेनहाइम आणि मॉर्गन या बड्या अमेरिकी भांडवलदारांचा पैसा उभा राहिला आणि १९०७ ते १९११ मध्ये कॉर्डोव्हा बंदरापासून १९६ मैलांचा रेल्वेमार्ग टाकला. खर्च सुमारे २.३ कोटी डॉलर, त्या काळचे. दोन हिमनद्यांच्या मधोमध कॉपर नदीवर पूल बांधला. तिथून माल बोटीने टॅकोमाच्या भट्टीला. एकूण निघालं किती? सुमारे ४२ लाख टन दगड. आजच्या मोठ्या खाणी एवढा दगड महिनाभरात दळून मोकळ्या होतात. पण त्यातून सव्वापाच लाख टनांहून जास्त तांबं मिळालं, म्हणजे सरासरी १३ टक्क्यांच्या जवळ, आणि चांदी वरकड. १९३८ मध्ये शेवटची गाडी सुटली आणि गाव रिकामं झालं. आज ते राष्ट्रीय उद्यानात आहे.

कमी दर्जाचा माल मात्र केनेकॉटच्या कारखान्यात दळून वेगळा करायचे. मला त्या कारखान्यातली एक गोष्ट फार आवडते. या मालात तांबं कार्बोनेटच्या रूपात होतं. ते आम्लात विरघळवावं, तर सगळा दगड चुन्याचा, आम्ल चुनाच पिऊन टाकणार. म्हणून त्यांनी अमोनियाने तांबं विरघळवलं. अमोनिया चुनखडकाला हात लावत नाही आणि तांबं गडद निळं होऊन बाहेर येतं. १९१६ च्या सुमाराला एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे करणारे तेच पहिले. आणखी एक: वरच्या कड्यावरून तुटून पडलेले खनिजाचे तुकडे खालच्या बर्फमिश्रित दगडी ढिगाऱ्यात गोठून बसले होते. उन्हाळ्यात तो ढिगाराच खणून काढायचे. खाण बर्फात!

याची दुसरी बाजूही अलास्कातच आहे. ब्रूक्स पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावर आर्क्टिक नावाचा साठा १९६५ मध्ये सापडला. दर्जा आजच्या मानाने उत्तम, तांब्याबरोबर जस्त आणि चांदीही. पण तांबं तिथे कॅल्कोपायराइटमध्ये, ते दळून, वेगळं करून, हजारो ट्रक भरून न्यावं लागणार, आणि त्यासाठी २११ मैलांचा रस्ता हवा. त्या रस्त्याला अमेरिकी सरकारने २०२४ मध्ये नकार दिला आणि २०२५ मध्ये परवानगी दिली. साठ वर्षं झाली, खाण नाही. वाटेतल्या गावांचा आणि तिथल्या कॅरिबूंच्या (रेनडिअर हरणांच्या) कळपांचा प्रश्नही खराच आहे, तो नुसत्या हिशेबाने सुटत नाही.

आपल्याकडे तांबं शोधायचं तर घाटात नाही, पूर्व विदर्भात. तिथे बेसाल्टच्या खालचे अतिप्राचीन खडक उघडे पडलेत. चंद्रपूर जिल्ह्यातलं थानेवासना आणि नागपूर-भंडाऱ्याकडचं पुलर-परसोडी या जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तपासल्या आहेत. सीमेपलीकडे बालाघाटात मलाजखंड आहेच, तिथे एक टक्क्याच्या आसपासच्या दगडावर खाण चालते, पण ती साठा प्रचंड असल्यामुळे. थानेवासनाला रस्ता, वीज, रेल्वे सगळं हाताशी आहे. तिथलं कॅल्कोपायराइट मात्र गारेच्या शिरांमधून विखुरलेलं आहे आणि टनामागे पाच-दहा किलोचा हिशेब आहे. तेव्हा तिथे अजून भोकं पाडून शिरा किती लांब आणि किती खोल जातात, हेच आधी पाहावं लागेल.