धावपट्टीवर विमान उसळलं तर?

प्रश्न : शिकाऊ वैमानिक एकटा उतरताना विमान दोन-तीनदा उसळलं, पुढचं चाक मोडलं आणि प्रोपेलर धावपट्टीला घासला, असे अपघात वाचनात येतात. विमान उसळल्यावर नाक खाली दाबून ते टेकवता येत नाही का?

उत्तर : नाही. नाक दाबल्यामुळेच तर चाक मोडतं!

सुरुवात बहुधा जादा वेगापासून होते. सेसना १७२ या छोट्या प्रशिक्षण विमानाने पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उचल वाढवणाऱ्या झडपा) लावून साधारण ६० ते ७० नॉटने (ताशी सागरी मैल) खाली यावं लागतं. ६५ऐवजी ७५ नॉट वेग असला, तर जिरवायची गतिज ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. त्यात शेजारी प्रशिक्षक नाही, म्हणजे विमान हलकं. ते पट्टीवर तरंगत राहतं, बसायचं नाव घेत नाही. पट्टी संपत आलेली दिसली की विद्यार्थी योक (नाक वर-खाली करणारं सुकाणू) पुढे लोटतो आणि पुढचं चाक आधी आपटतं.

विमानाचा गुरुत्वमध्य या चाकाच्या मागे असतो. त्यामुळे धक्का बसताच नाक वर फेकलं जातं, पंखांचा हवेशी कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत जातं. घाबरून योक पुन्हा पुढे गेला, तर त्याचा परिणाम व्हायला क्षणभर उशीर लागतो. तोवर विमान खाली येऊ लागलेलं असतं. दुसरा आघात पहिल्यापेक्षा जोरात, तिसरा त्याहून जोरात. उतरतानाचा भार पेलायचं काम मागच्या मुख्य चाकांचं आहे. पुढच्या चाकाचा दांडा त्यासाठी बनवलेलाच नसतो. तो मोडला नाही तरी ज्या फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) आधारावर तो बसवलेला असतो, तिचा पत्रा दुमडतो. म्हणून अशा आपटीनंतर वरून धड दिसणारं विमानही तपासल्याशिवाय उडवू नये.

उसळी हातभर असेल तर नाक आहे तिथेच धरा, किंचित पॉवर द्या आणि विमानाला मुख्य चाकांवर बसू द्या. उसळी मोठी असेल, किंवा नुसती शंका आली तरी, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला दिलेली गरम हवा) असल्यास बंद, फ्लॅप लगेच २० अंशांवर. उरलेले फ्लॅप, वेग आणि उंची मिळाल्यावर, टप्प्याटप्प्याने. सगळे एकदम काढले तर विमान खाली बसतं. उतरण्यासाठी लावलेल्या ट्रिममुळे (योकवरचा जोर हलका करणारी सोय) पूर्ण पॉवरवर नाक जोरात वर जातं, ते योकने धरून ठेवावं लागतं. विमान डावीकडे ओढतं, म्हणून उजवा रडर (शेपटीच्या सुकाणूचा उजवा पेडल) हवाच. गो-अराउंड म्हणजे नापास होणं, ही समजूत विद्यार्थ्याच्या डोक्यातून पहिल्या सोलोच्या (एकट्याच्या उड्डाणाच्या) आधीच काढली पाहिजे.

प्रश्न : नुसतं प्रोपेलरचं पातं वाकलं, तरी इंजिन का उघडतात?

उत्तर : पातं थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेलं असतं. ते जमिनीला अडलं की पिळाचा धक्का क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या गिअरपर्यंत जातो. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात हा गिअर ज्या बोल्टवर बसतो, तो अशा वेळी बदलावाच लागतो. हा गिअर निसटला तर इंजिन हवेत बंद पडतं. क्रँकशाफ्टची बारीक चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी चुंबकीय चाचणी करतात. इंजिन नंतर सुरळीत चाललं, हा पुरावा धरू नये.

प्रश्न : नाक टेकून विमान थांबल्यावर आधी काय करायचं?

उत्तर : मिक्स्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) पूर्ण मागे, इंधनाचा सिलेक्टर बंद, मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) किल्ली बंद, मग विजेचा मास्टर स्विच बंद. पट्टा सोडून बाहेर पडा आणि विमानापासून लांब जा. हेडसेट, बॅग, लॉगबुक आतच राहू द्या.