२०१८ चा लॅपटॉप: एसएसडी-रॅम टाकून चालवावा की नवाच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लॅपटॉप २०१८ चा, आय३-७०२०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू करून चहा ठेवला तर चहा आधी होतो. मुलगी खानापुरात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, पुढे बीसीए की इंजिनिअरिंग हे अजून ठरलेलं नाही. आणि बेळगावातल्या एका दुकानदारानं सांगितलं, "यात आता काही राम नाही, ४२ हजारात नवा देतो." खरेदी कोल्हापुरात करावी, बेळगावात की हुबळीत, हेही तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आत्ता नवा घेऊ नका. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान ड्राइव्ह, टाका, वापरलेली का होईना ४ किंवा ८ जीबी रॅम मिळाली तर तीही टाका, आणि मुलीचा प्रवेश नक्की होईपर्यंत हाच चालवा. मात्र मशीनचा सांगाडा धड असेल तरच. तो कसा बघायचा ते खाली येईलच.

माझं बेळगावच्या शहापुरात डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही, पण दुकानातली मशीनं मीच उघडतो, आणि ते कळल्यामुळे गल्लीतली पोरं आपापले लॅपटॉप घेऊन येतात. त्यातून एक नियम पक्का झालाय: जो भाग उद्या काढून दुसरीकडे लावता येईल त्यावर खर्च करायला भिऊ नये, जो त्याच मशीनबरोबर भंगारात जाणार त्याला हात आखडता घ्यावा. एसएसडी पहिल्या प्रकारात. लॅपटॉप मेला तरी ती काढून यूएसबी केसमध्ये घातली की खिशात मावणारी ड्राइव्ह झाली. रॅम अर्धीमुर्धी, कारण पुढच्या मशीनला तोच प्रकार चालेल असं नाही. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी आणि बॅटरी त्या एका मॉडेललाच बसतात. आणि मदरबोर्ड दुरुस्त करून घ्यायची वेळ आली तर मी पहिल्याच दिवशी नाही म्हणतो. चार कौलं फुटली म्हणून आपण घर पाडत नाही, पण वासेच वाळवीनं खाल्ले असतील तर नवी कौलं चढवून काय उपयोग?

आता मशीन नेमकं कुठं अडतंय ते बघा. लॅपटॉप चालू केल्यावर दहा मिनिटं काही उघडू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर येईल, त्यात परफॉर्मन्सवर जा. माझा अंदाज, तुमची डिस्क १०० टक्के दाखवत असेल आणि खाली वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. म्हणजे डिस्क घाम गाळतेय आणि काम काहीच होत नाहीय. कारण साधं आहे. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या असतात, म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत थांबायचं, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. मोठा सिनेमा सलग कॉपी करताना हे जाणवत नाही, तिथं ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. पण विंडोज सुरू होताना इकडंतिकडं विखुरलेल्या हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात, आणि अशा फायली तिला सेकंदाला शंभरसुद्धा वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. म्हणून साधी साटा (हार्ड डिस्कसारखीच जोडणी असलेली) एसएसडी, जी कागदावर सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास आहे, ती प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त फरक पाडते.

घेताना अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी मागा, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती बसते. काही मशीनमध्ये एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या बारीक एसएसडीची, खाचही असते. ती असेल तर साटाची की एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारची हे मॉडेल नंबरवरून आधी बघून घ्या, दिसायला सारखीच असते. ५०० जीबी पुरे. ऑनलाइन "४ टीबी एसएसडी, हजार रुपयांत" असलं काही दिसलं तर तिकडं फिरकूसुद्धा नका, आकडा खोटा असतो आणि त्यात ठेवलेले फोटो परत येत नाहीत.

विंडोज जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी कॉपी करू नका, नवी टाका. असली विंडोज लॅपटॉपबरोबर आलेली असेल तर तिचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. डिस्क बदलली तरी नवी प्रॉडक्ट की लागत नाही, इंटरनेटला जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. "विंडोज टाकायचे वेगळे पैसे" म्हणून कुणी क्रॅक केलेली कॉपी टाकत असेल तर हात धरा. त्याच लॅपटॉपवर उद्या बँकेचा पासवर्ड टाकायचाय. जुनी हार्ड डिस्क मात्र फेकू नका, केसमध्ये घालून बॅकअपला ठेवा. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघा. त्यात "कॉशन" असं पिवळं दिसलं तर बाकी सगळं सोडून पहिल्यांदा फोटो आणि मार्ककार्डं (गुणपत्रकं) दुसरीकडं हलवा.

रॅमकडे वळू. त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारली की "स्लॉट्स यूज्ड" दिसतं. "१ ऑफ २" असेल तर नशीब, एक खाच रिकामी आहे. "फॉर्म फॅक्टर"पुढं "रो ऑफ चिप्स" आलं तर रॅम बोर्डवरच डकवलेली आहे, ती निघणार नाही. तुमच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपला बहुधा डीडीआर४ प्रकारची रॅम लागते, १.२ व्होल्टची, लॅपटॉपसाठीची आखूड पट्टी. २४०० किंवा २६६६ वेगाची मिळाली तरी लावा, ती तुमच्या प्रोसेसरच्या मर्यादेप्रमाणे २१३३ वर उतरून चालेल. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी पार वाढवून ठेवलीय. म्हणून मी रॅम वापरलेलीच घ्या म्हणतो. डिस्कसारखी ती झिजत नाही, चालतेय तर सहसा चालतच राहते. दुकानातच लावून बघा, घरी आल्यावर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा, आणि आठ दिवसांत परत घ्यायची बोली आधी करून घ्या. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच जागा उसनी घेते, ती डिस्क तरी निदान वेगवान असूदे.

आता खरी अडचण. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची जी वाढीव मुदत जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट मिळते. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं, सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर. तुमचा प्रोसेसर सातव्या पिढीचाच, पण त्या अपवादांत नाही. यूट्यूबवर पळवाटा दाखवतात, त्यानं विंडोज ११ बसतंही, पण पुढच्या अपडेटला काय होईल याची जबाबदारी कुणाची नाही. म्हणूनच मी "प्रवेशापर्यंत" म्हणालो, "अजून पाच वर्षं" म्हणालो नाही.

त्यानंतर हे मशीन घरात ठेवायचं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. वेब, पीडीएफ, व्हिडिओ, पत्रं लिहिणं हे सगळं आरामात होतं. मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी) कळफलक त्यात मिळतात, आणि दोन्हींची मांडणी एकच, ज्या बटणावर मराठीचा क त्याच बटणावर कन्नडचा. आपल्या भागात, सकाळी मराठीत निमंत्रणपत्रिका आणि दुपारी पंचायतीला कन्नडमध्ये अर्ज करणाऱ्याला याची किंमत कळते. पण घरात कुणी टॅली वापरत असेल, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन लावत असेल, किंवा श्रीलिपी-नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फाँटांतल्या फायली असतील तर लिनक्सच्या नादाला लागू नका. ती कामं विंडोजवरच करावी.

सांगाड्याची तपासणी करायला फार तर अर्धा तास लागेल. झाकण उघडताना कोपऱ्यातून कडकड आवाज येतो का, प्लास्टिक उचकटतंय का बघा. टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी बहुधा फुगलीय. मग बाकीचा हिशेब नंतर, आधी तो बंद करा आणि बॅटरी काढून घ्या, त्यात खरोखर आगीचा धोका असतो. बॅटरी नुसती दुबळी असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी", मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागूनच "बॅटरीरिपोर्ट" असं इंग्रजीत टाइप करा. जो अहवाल तयार होतो त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी दिसते. निम्म्याच्या खाली गेली असेल तर शहरातला माणूस चार्जर लावून निभावून नेईल, पण खानापूर तालुक्यात आषाढात लाईट किती वेळा जाते हे मी तुम्हाला काय सांगू? कामाच्या मधेच मशीन धाडकन बंद पडणं फायलींना बरं नाही. तेव्हा बॅटरी माझ्या नियमात बसत नसली तरी तुमच्याकडे तिला सूट द्यावी लागेल. डुप्लिकेट नको, कंपनीची किंवा निदान लेखी वॉरंटीची घ्या.

मागचं झाकण उघडलंच आहे तर पंख्यात बघा. आपल्या तांबड्या मातीची धूळ आणि जांबोटी-कणकुंबीकडची ओल यांचा तिथं चिखल होऊन बसतो. पंखा साफ करून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावली की तापणं बरंच कमी होतं. बोर्डवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली, विशेषतः चार्जिंगच्या पिनेजवळ, तर ते गंजणं आहे. तिथं मात्र मी माझा सल्ला मागं घेतो. एसएसडी घ्या, पण ती पुढच्या मशीनसाठी म्हणून, यात आणखी एक रुपया घालू नका.

नवा आत्ताच का नको? बीसीएला गेली तर पहिल्या वर्षाचं सी, जावा, पायथन या तुमच्याच मशीनवर ८ जीबी रॅम आणि एसएसडीनं होऊन जाईल. मोबाइल ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओला मात्र एम्युलेटरसकट (पडद्यावरच्या नकली फोनसकट) १६ जीबी लागते. मेकॅनिकल किंवा सिव्हिल घेतलं आणि त्रिमितीय ड्रॉइंग आलं तर ग्राफिक्सचा विचार करावा लागेल. शाखा ठरायच्या आधी घेतलेला लॅपटॉप एकतर कमी पडतो नाहीतर उगाच महाग पडतो. शिवाय दुकानदार जो दाखवतोय त्यात ८ जीबी रॅम बोर्डवरच चिकटवलेली आणि रिकामी खाच नाही असं असेल, तर चार वर्षांचा कोर्स त्यावर काढणं अवघड आहे. रिकामी खाच आहे का, हा प्रश्न त्याला आवर्जून विचारा. तो गप्प झाला तर समजून जा.

४२ हजार एकदम जड जात असतील तर कंपन्यांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप बघा: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. त्यांची बांधणी घट्ट असते, सुटे भाग मिळतात, आणि थिंकपॅड टी४८० सारख्यात रॅमच्या दोन खाचा असतात. पण टी४८० काही सातव्या पिढीच्या प्रोसेसरनंही आले होते, तेव्हा नावावर जाऊ नका. प्रोसेसरचा आकडा ८ नं सुरू होतो का ते स्वतः बघा. चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हेही तिथंच पाहून घ्या.

कोल्हापूर की बेळगाव की हुबळी, यात माझा कल बेळगावकडेच. नव्या लॅपटॉपला कंपनीची वॉरंटी सगळीकडे चालते, तो कोल्हापुरात स्वस्त मिळाला तर जरूर घ्या. पण वापरलेली रॅम, जुना थिंकपॅड, दुकानानं बसवलेली एसएसडी, यांची हमी त्या दुकानापुरतीच असते. दोनशे रुपये वाचवायला गेलात तर बिघाड झाल्यावर शंभर किलोमीटरवर खेटे घालावे लागतील. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, त्यांचं गणित वेगळं.

लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो इथं टाका, सीरियल नंबर झाकून. म्हणजे एम.२ खाच आहे का आणि रॅम किती चढेल ते नक्की सांगता येईल. तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.