हॉपकिन्स की रटगर्स? अडीच लाख डॉलरचा प्रश्न

नमस्कार,

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, दोघांचं मिळून उत्पन्न २ लाख ६० हजार डॉलर, दोघंही ग्रीनकार्डधारक. लेकीला जॉन्स हॉपकिन्समध्ये बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. राहणं-खाणं धरून वर्षाला सुमारे ९० हजार, आर्थिक मदत शून्य. न्यू जर्सीच्याच सरकारी विद्यापीठात, रटगर्समध्ये तीच शाखा, राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी (इन-स्टेट) फी, त्यात १० हजारांची स्कॉलरशिप, म्हणजे वर्षाला २८ हजार. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) १ लाख ६० हजार आहेत. धाकटा आठवीत आहे. लेक म्हणते, "इंजिनिअरिंग करून मेडिकलला जायचंय." कमी पडतील ते पैसे पॅरेंट प्लस लोन (पालकांच्या नावावरचं सरकारी शैक्षणिक कर्ज) काढून उभे करायचे, की वडिलांकडून आलेला कोथरूडचा फ्लॅट विकून, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर रटगर्स. कर्ज की फ्लॅट हा प्रश्न मग आत्ता तरी उरत नाही.

चार वर्षांचा फरक जवळपास अडीच लाख डॉलर पडतो, फीवाढ न धरता. काही वर्षांपूर्वी मी कदाचित इतका ठाम नसतो. तेव्हा मेडिकलला गेल्यावर विद्यार्थ्याला ग्रॅड प्लस हे सरकारी लोन मिळायचं आणि कॉलेज सांगेल तेवढा खर्च त्यातून भागायचा. २०२५च्या कायद्याने ते दार बंद केलं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस नाही. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख, बस्स. आपल्याच राज्यातल्या सरकारी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च तीन लाखांच्या घरात जातो, खासगीचा चार लाखांच्या. म्हणजे लाख-दोन लाख कमी पडणार, आणि ते द्यायला जी खासगी बँक येईल ती कोसाइनसाठी, म्हणजे हमीदार म्हणून सही करायला, कागद तुमच्यापुढे ठेवेल. तुम्ही तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असेल. बाल्टिमोरला, म्हणजे हॉपकिन्सवर, आत्ता खर्च करायला निघालेले पैसे तेव्हाच्या या तुटीसाठी लागणार आहेत.

पॅरेंट प्लसलाही त्याच कायद्याने कात्री लावली आहे: एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार. तुमची हॉपकिन्सची तूट २ लाखांची. तिचा एक तृतीयांशही त्यातून निघत नाही. शिवाय २०२५-२६ला या कर्जाचा व्याजदर ८.९४ टक्के होता आणि ४ टक्क्यांहून जास्त फी कर्जाच्या रकमेतून आधीच कापली जाते. ऋण काढून सण म्हणतात तो हाच.

आता नावाबद्दल. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत "मुलगी कुठे गेली?" असं विचारतात तेव्हा हॉपकिन्स म्हणायला छान वाटतं, हे मी नाकारत नाही. पण मेडिकलच्या अर्जात आधी बघतात ते ग्रेड आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा). प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) ३.८च्या जवळ आणि एमकॅट ५१२च्या आसपास असतो. त्यातही बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढला जातो. इंजिनिअरिंगचे बहुतेक विषय त्यात मोजत नाहीत. म्हणजे सर्किट्समध्ये ए मिळवून ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला बी झाकता येत नाही. बायोमेडिकलचा अभ्यासक्रम मुळातच भरगच्च. त्यावर मेडिकलच्या प्रवेशासाठी लागणारे प्रीमेडचे विषय, लॅब, हॉस्पिटलमधले तास. दरवर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना कुठेतरी जागा मिळते. बहुतेक जण पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं थांबून मग अर्ज करतात. त्या काळात डोक्यावर कर्ज नसणं ही मोठी गोष्ट आहे.

"हॉपकिन्स आता फुकट झालंय" असंही तुमच्या कानावर आलं असेल. ब्लूमबर्ग यांच्या १०० कोटी डॉलरच्या देणगीनंतर २०२४ पासून ३ लाखांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या बहुतेक विद्यार्थ्यांना फी माफ झाली, पण ती मेडिकल स्कूलची. पदवीसाठीच्या सवलतीची उत्पन्नमर्यादा खाली आहे, तुम्ही तिच्या वर आहात. गंमत बघा, तुमची लेक रटगर्सहून हॉपकिन्सच्या मेडिकलला गेली, तर आजच्या नियमांनी तिला ती माफी मिळण्याची चांगली शक्यता आहे.

आणि मेडिकलचा विचारच बदलला तर? बायोइंजिनिअरचा मध्यम पगार लाखभर डॉलरच्या आसपास असला तरी तो सगळ्या वयांचा मिळून आहे. नुसत्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलपेक्षा कमी असतात, कंपन्या बऱ्याचदा मास्टर्स मागतात. पण न्यू जर्सी त्यासाठी वाईट जागा नाही, वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्या इथेच आहेत: न्यू ब्रन्सविकला जॉन्सन अँड जॉन्सन, फ्रँकलिन लेक्सला बेक्टन डिकिन्सन, महवाला स्ट्रायकर. समर इंटर्नशिप घरी राहून होते.

माझं मत एका गोष्टीने बदलेल. तिला रुग्ण बघण्यापेक्षा उपकरणं बनवण्यात, संशोधनात, पीएचडीत रस असेल तर हॉपकिन्सच्या त्या विभागाचं वजन खरंच वेगळं आहे, आणि आत्ता नाकारलं तर नंतर तिथे शिरणं अवघड. तिला हे थेट विचारा. कारमध्ये विचारा, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको.

फ्लॅट. सव्वा कोटी मिळतील म्हणता, पण हातात तेवढे येणार नाहीत. भारतात कर काढताना तुमची मूळ किंमत म्हणजे वडिलांची खरेदी किंमत (जुना फ्लॅट असेल तर १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत), आणि नफ्यावर १२.५ टक्के कर, एनआरआयला इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईनुसार मूळ किंमत वाढवून न धरता. अमेरिकेत मात्र वारशाने आलेल्या मालमत्तेची मूळ किंमत वडील गेले त्या दिवशीची धरतात. म्हणून इथला नफा छोटा, तिथला मोठा, आणि तिथे भरलेल्या कराचं सगळं क्रेडिट इथे वापरता येईलच असं नाही. खरेदीदार टीडीएसही कापणार, तोही बऱ्याचदा पूर्ण किमतीवर, त्यामुळे कमी कपातीचा दाखला आधी मिळवावा लागतो. हे सगळं मे महिन्याच्या घाईत करू नका. मेडिकलला जागा मिळाली आणि तूट समोर दिसली, की तेव्हा बघू.

१ मेच्या आत रटगर्सचं डिपॉझिट भरा. त्याआधी हॉपकिन्सच्या आर्थिक मदत कार्यालयाला एक अपील जरूर पाठवा. धाकट्याचं शिक्षण, उत्पन्नातले बदल, भारतात आईच्या औषधपाण्याला पाठवता ते पैसे, सगळं कागदांसह लिहा. त्यांनी वर्षाला ४०-४५ हजार सोडले तर मला पुन्हा लिहा. पाच-दहा सोडले तर आभार मानून नाही म्हणा.

रटगर्सची चार वर्षं भरून ५२९मध्ये ४५-५० हजार उरतील. ते खातं तसंच ठेवा. मेडिकलसाठी तिलाही चालतं, आणि लाभार्थी बदलून धाकट्यालाही.