घटपर्णीची कुंडी

प्रश्न : नेपेंथिस घटपर्णी मातीच्या कुंडीत लावली आहे. कुंडीवर पांढरा थर आला आहे, नवी पाने येतात. पण पानांच्या टोकाला येणाऱ्या, किडे पकडणाऱ्या सुरया धरत नाहीत. कुंडी बदलावी का?

उत्तर : बदलाच. तो थर क्षारांचा आहे. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडून जाते, क्षार मात्र मागे साठत राहतात. बाहेरचा थर घासून निघेल, भिंतीत मुरलेला निघत नाही. प्लास्टिकची किंवा आतूनही झिलई असलेली कुंडी घ्या. मुळांच्या गड्ड्यापेक्षा ती ३ ते ५ सेंटिमीटर रुंद असली की पुरे. फार मोठ्या कुंडीतले मिश्रण मधोमध दिवसेंदिवस ओले राहते आणि मुळे कुजतात. तळाला भोके भरपूर हवीत. बाजूलाही गरम सळईने पाडली तर उत्तमच.

लांब धाग्याचे स्फॅग्नम मॉस (दलदलीतले वाळवलेले शेवाळ) आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) मापाने निम्मे-निम्मे घ्या. मॉस भिजवून पिळा आणि सैलसर भरा. दाबून भरले की हवा कोंडते. बागेची माती, शेणखत अजिबात नको.

मुळे काळी दिसली म्हणून कापत सुटू नका! नेपेंथिसची निरोगी मुळेही काळीच आणि ठिसूळ असतात. दाबल्यावर लिबलिबीत लागणारी तेवढी काढा. कुंडी बदलल्यावर असलेल्या सुरया वाळतात, त्याची काळजी नको. सुरया न धरण्याचा दोष मात्र सगळा कुंडीच्या माथी मारू नका. कोरडी हवा आणि अपुरा उजेड ही नेहमीची कारणे आहेत.

प्रश्न : सारासेनिया या दुसऱ्या घटपर्णीलाही हेच चालेल का?

उत्तर : नाही. ती दलदलीतली. कुंडी १५ ते २० सेंटिमीटर खोल, मिश्रण पीट (दलदलीत साठलेले अर्धवट कुजलेले शेवाळ) आणि पर्लाइट समसमान, आणि खालच्या ताटलीत वाढीच्या काळात २ ते ३ सेंटिमीटर पाणी. नेपेंथिस असे पाण्यात उभे केले तर कुजेल. सारासेनियाला कडक ऊन लागते, त्यात काळी कुंडी तापते. फिकट रंगाची बरी.

प्रश्न : पीटऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालेल का?

उत्तर : चालते, पण त्यात मीठ असते. कमी क्षारांच्या पाण्यात भिजवून पिळा, असे तीन-चार वेळा करा आणि शेवटचे पिळलेले पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) मोजा. आकडा ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भाग) खाली येईपर्यंत धुणे थांबवू नका. रोज घालायच्या पाण्यालाही हीच मर्यादा : पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओचे. आरओ यंत्र खनिजे परत मिसळणारे असेल, तर तेही मोजूनच घाला.