निरंक आणि रिकामा

बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून तू मला तुझं अख्खं वर्ष दाखवलंस. झोपेचे तास, अभ्यासाचे तास, खर्च, आणि त्या दिवशी मन कसं होतं त्याचा रंग. 365 चौकोन, एका नजरेत मावणारे. सुंदर केलं आहेस. जुलैपाशी 19 चौकोन पांढरे होते. त्यांच्यावर बोट ठेवून तू विचारलंस, "काका, इथं सरासरी टाकू? का सगळंच पुसून एक तारखेपासून नव्यानं सुरू करू?" विचारताना तुझा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. मी काहीतरी पुटपुटलो आणि विषय बदलला. उत्तर माझ्यापाशी होतं. पण ते देताना माझंच काही सांगावं लागणार होतं, आणि त्या गर्दीत ते तोंडातून निघालं नसतं. म्हणून लिहितोय.

दोन्हीतलं काही करू नकोस. रिकामा रकाना रिकामाच ठेव.

तू संख्याशास्त्र शिकतेस. गळालेले आकडे भरून काढायच्या रीती तुम्हाला वर्गात शिकवतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त सरासरीनं भोकं बुजवण्याचा हिशेब एकदा कागदावर, हातानं करून बघ. पाच रात्रींची झोप धर: 4, 8, 5, 9, 4 तास. सरासरी 6. रोजचा आकडा सरासरीपासून किती लांब? 2, 2, 1, 3, 2. म्हणजे रोज सरासरी 2 तासांचा हेलकावा. आता न मोजलेल्या पाच रात्रींना सहा-सहा तास देऊन टाक. सरासरी तीच राहिली, पण हेलकावा 1 तासावर आला. झोपेत काही फरक पडला नाही, आणि कागदावर मात्र ती दुपटीनं शांत झाली.

तेही ते दिवस योगायोगानं गळले असतील तर. तुझे 19 दिवस योगायोगानं गळले आहेत का? जुलैत तुझा निकाल लागला होता. तुझी आई मला भाजी मंडईत भेटली होती, दिवस कसे चाललेत ते तिनं मला सांगितलं होतं. तू लिहिलं नाहीस, कारण लिहवत नव्हतं. त्या दिवसांवर उरलेल्या 346 बऱ्या दिवसांची सरासरी आणून चिकटवणार? वर्षभरात तुझ्याबद्दल सगळ्यांत जास्त सांगणारी जागा तीच आहे, आणि तू तिलाच चुना फासायला निघाली आहेस.

मला हे कसं कळलं ते आता सांगतो.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी 31 वर्षं काढली. हंगामात तासातासाला उसाच्या रसाचा नमुना, त्याचा ब्रिक्स (रसात विरघळलेलं सगळं) आणि पोल (त्यातली साखर), आणि नोंदवहीत आकडा. पहाटे तीनचा, चारचा नमुना राहून जायचा. मग सकाळी साहेब यायच्या आत रात्रपाळीवाल्यानं दोनच्या आणि पाचच्या मधले आकडे टाकून पान पुरं करायचं. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी मला हे शिकवलं, आणि मायेनं शिकवलं, पोराला बोलणी बसू नयेत म्हणून. कोऱ्या घरासाठी मेमो मिळायचा. खोट्या आकड्यासाठी कुणाला मिळालेला मी बघितला नाही. पान भरलेलं असलं की नोंद झाली, हे माझ्या हाडात मुरलं, आणि ते मी घरी घेऊन आलो.

आमच्या गच्चीवरचा पर्जन्यमापक तू बघितला आहेस, पाच इंची तोंडाचा. 1991 पासून त्याची वही आहे. रोज सकाळी साडेआठला वाचन, वेधशाळेची वेळही तीच. पाऊस नसेल त्या दिवशी मी 'निरंक' लिहितो. 2005 च्या पुरात गल्लीत पाणी शिरलं आणि आम्ही राजारामपुरीत मेहुण्यांकडे गेलो. परत आल्यावर शेजाऱ्यांना विचारून, पेपरातलं बघून मी राहिलेली घरं भरून टाकली. त्याच शाईनं, त्याच अक्षरात. ते दिवस चार होते की पाच, आणि नेमके कुठले, हे आज मलाही सांगता येत नाही. म्हणजे चार आकडे खोटे झाले एवढ्यावर भागलं नाही, तो सबंध महिना माझ्या हातून गेला.

तरीही मी शहाणा झालो नाही.

तुझ्या काकूची शुगर घरी मोजायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वही मी ठेवायचो, रेघा मारून, तारखा आधीच घालून. काही सकाळी ती म्हणायची, "आज ऱ्हाऊ द्या, नको वाटतंय टोचून घ्यायला." चेहरा उतरलेला असायचा, कपाळाला घाम असायचा. मी म्हणायचो, राहू दे. आणि महिन्याच्या भेटीआधी त्या कोऱ्या घरांत 128, 134, 131 असे आजूबाजूला शोभतील असे आकडे लिहायचो. डॉक्टर वही चाळायचे, म्हणायचे, छान, स्थिर आहे, गोळ्या तशाच चालू ठेवा. एका पहाटे ती स्वयंपाकघरात पडली. तेव्हा मोजली तर शुगर 48, फारच खाली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही.

ती टोचून घ्यायला नको म्हणायची त्या सकाळी तिची शुगर उतरलेली असेल. मी 'असेल' म्हणतोय, कारण त्या सकाळचा आकडा कुठंच नाही. मी जागा कोऱ्या ठेवल्या असत्या तर डॉक्टरांनी एकदा तरी विचारलं असतं, "इथं का नाही मोजली?" मग त्या घामाचा विषय निघाला असता. त्या कोऱ्या जागाच तिचं दुखणं सांगत होत्या. त्या मी बुजवल्या.

मी ते तिच्यासाठी केलं. डॉक्टरांसमोर तिला कुणी निष्काळजी म्हणू नये म्हणून केलं. तिचं पथ्य मी सांभाळलं, गोळ्यांची वेळ मी एकदाही चुकवली नाही, रात्री तीन-तीनदा उठलो. वहीमुळेच ती पडली, असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. हे सगळं खरं आहे. ते तुला का सांगत बसलोय, मलाच कळत नाही. एवढंच, की भरलेलं पान बघितलं की मला अजूनही धाप लागते.

म्हणून रिकामा रकाना रिकामाच ठेव. निरंक वेगळं आणि रिकामं वेगळं. निरंक म्हणजे मी गच्चीवर गेलो, बघितलं, पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे मी गेलोच नाही. तुझ्या संगणकाला हा फरक आपणहून कळत नाही. काही ठिकाणी तो कोरी जागा शून्य धरतो, काही ठिकाणी दोन टोकं रेघेनं जोडून मोकळा होतो. ते तू बंद करायचंस. रेघ तिथं तुटलेली दिसली पाहिजे. बघणाऱ्याची नजर तिथं अडली पाहिजे.

आणि तुटक आलेख कुणी बघत नाही, असं मला म्हणू नकोस. हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. चार्ल्स कीलिंग या माणसानं तिथं 1958 च्या मार्चपासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. सुरुवातीला दहा लाख भागांत 313 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. हवा बदलतेय हे जगाला दाखवणारी रेघ ती हीच. त्या रेघेलाही भोक आहे. 1964 च्या सुरुवातीला पैसे कापले गेले आणि मोजणी थांबली. कीलिंग ज्या स्क्रिप्स संस्थेत होते, तिच्या महिनावार तक्त्यात त्या फेब्रुवारी, मार्च, एप्रिलपुढं उणे 99.99 लिहिलेलं आहे. हवेत असा आकडा असूच शकत नाही, म्हणून कुणी तो चुकूनही खरा समजणार नाही. ज्यांना सलग आकडे लागतात त्यांच्यासाठी भरून काढलेला रकाना आहे, पण तो शेजारी, वेगळा. मोजलेल्याला त्यांनी हात लावलेला नाही. तुलाही भरायचंच असेल तर तसं भर. वेगळा रकाना, वेगळा रंग, आणि वर स्पष्ट लिही: अंदाज.

अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाचं नाव तुला वर्गात भेटलं असेल. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानांवरच्या गोळ्यांच्या भोकांचा हिशेब मांडला, तो सगळा परत न आलेल्या विमानांना धरून. आकडे होते फक्त परतलेल्यांचे. जी भोकं त्यांच्यावर दिसत नव्हती ती न परतलेल्यांवर कुठं पडली असतील, यावर त्यांनी गणित उभं केलं. पुढं आपल्या देशात व्याख्यानांसाठी आले असताना 1950 च्या डिसेंबरात निलगिरीत विमान अपघातातच ते गेले. मला राहून राहून त्याचं वाईट वाटतं.

पण इतक्या लांब कशाला जायचं? तू कोल्हापूरची पोर आहेस. 1894 साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या कारभारातल्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण होते, आणि कारकुनीच्या 500 जागांत ब्राह्मणेतर फक्त 10. दरबारातली ही पोकळी तिथं बसणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होती. महाराजांनी ती पोकळी म्हणूनच बघितली, आणि 26 जुलै 1902 ला निम्म्या जागा मागासांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला. 'सगळीकडं असंच असतं' म्हणून त्यांनी तिच्यावरून नजर फिरवली असती तर तू आणि मी आज कुठं असतो, विचार कर.

आणि पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यात शाहूपुरीतल्या, बापट कॅम्पातल्या कुंभारांच्या गणपतीच्या मूर्ती अर्ध्या रंगवून ओळीनं मांडलेल्या असतात. त्या कधी उचलायच्या, हे बंधाऱ्यावरचा आकडा ठरवतो. मधल्या तासाला कुणी पट्टीपर्यंत गेलंच नाही आणि मागच्या-पुढच्याचा मध्य काढून सांगितला, तर एका घराचा वर्षाचा हंगाम पाण्यात जाईल. 'अजून कळलेलं नाही' असं ऐकलं तर माणूस निदान स्वतः घाटावर जाऊन बघतो.

2019 च्या ऑगस्टात मी पुण्याला लेकीकडे होतो. महामार्गावर पाणी आलं आणि मी तिकडंच अडकलो. माझ्या वहीत सबंध आठवडा कोरा आहे, आणि आठवडा तोच, ज्यात अर्धं शहर पाण्यात होतं. लोक हसले. "तीस वर्षं लिहिता आणि पुराचाच पाऊस नाही? मग वही काय कामाची?" माझा भाऊसुद्धा म्हणाला, आकडे मिळतात की, घे लिहून. मी नाही लिहिले. मिळालेले आकडे शेवटच्या पानावर, कुठून मिळाले त्यासकट लिहून ठेवलेत. त्या आठवड्याच्या घरांत मात्र काही नाही. हट्ट म्हणतेस तर हट्ट. पण त्या वहीतला पुढचा कुठलाही आकडा तू डोळे मिटून घेऊ शकतेस, तो या कोऱ्या आठवड्यामुळं.

देशाची शिरगणती 1881 पासून दर दहा वर्षांनी झाली, 1941 च्या युद्धातही झाली. 2021 ची त्या वर्षी झाली नाही. तरी त्यानंतर किती भाषणांत, किती रंगीत नकाशांत लोकसंख्येचे आकडे मोजल्यासारखे वापरले गेले! अंदाज काढायलाच लागतात, त्याला माझी ना नाही. पण त्याखाली 'अंदाज' हा तीन अक्षरी शब्द लिहायला कुणाचा हात धरलाय?

आता तुझ्या दुसऱ्या बेताबद्दल, सगळं पुसायच्या. त्याचा मला जास्त राग आला. तुझ्या फोनमधल्या त्या ॲपनं तुला शिकवलंय की साखळी तुटली की सगळं वाया. 200 दिवसांची साखळी तुटू नये म्हणून तू रात्री बारा वाजता झोपेतून उठून काहीतरी टिचकी मारत होतीस, तूच सांगितलंस. मग ती टिचकी कसली नोंद? 19 घरं बुजवणं वाईट, आणि त्यांच्यासाठी उरलेली 346 पुसणं त्याहून वाईट. नव्या वर्षात तुझा एकही दिवस वाईट जाणार नाही, असं तुला कुणी लिहून दिलंय?

असं कर. तुझ्या तक्त्यात एक रकाना वाढव, 'का नाही' असा. फोन बंद पडला, गावाला होते, लिहवलं नाही. एक-दोन शब्द पुरे. आज आठवत नसेल तर तोही कोरा ठेव. त्या 19 चौकोनांना रंग देऊ नकोस, नुसती बारीक कड ओढ, म्हणजे दिवस होता आणि नोंद नाही हे दिसेल. मग तो पट तुझ्या आईला दाखव. तू तिच्याशी त्या दिवसांबद्दल अजून बोललेली नाहीस, हेही तिनंच मला सांगितलं.

रागानं लिहिलं असेल तर मनावर घेऊ नकोस. काकूची ती वही कपाटात आहे. कधी बघावीशी वाटली तर दाखवीन, अजून कुणाला दाखवलेली नाही.

एक काम आहे. पुढच्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आणि काही दिवस मला जिना चढायचा नाही. तुझ्या तासांच्या आधी जमलं तर सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन मोजपात्रात पाणी ओतून वाच. वही खिडकीपाशी आहे, पेन्सिल दोऱ्याला बांधलेली. पाऊस नसला तर निरंक लिही. आणि एखाद्या दिवशी यायला जमलं नाही, तर त्या दिवसापुढं काहीही लिहू नकोस.

तुझा
काका