‘हुआ’ : अक्षरातले फूल

प्रश्न : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव ‘के दिहुआ’ आणि त्यांच्या मुलाचे ‘यिनहुआ’ असल्याचे वाचनात आले. दोन्हींतले ‘हुआ’ हे अक्षर एकच आहे का, आणि त्याचा अर्थ ‘चीन’ असाच घ्यायचा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अक्षर एकच आहे आणि ‘चीन’ हा अर्थही बरोबर आहे, मात्र तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. प्राचीन लिपीत ‘हुआ’ हे बहरलेल्या झाडाचे चित्र होते आणि त्याचा अर्थ फूल असाच होता. फुलावरून बहर, तेज, वैभव हे अर्थ आले, चिनी लोक स्वतःच्या संस्कृतीलाही याच अक्षराने ओळखू लागले, आणि पुढे नुसत्या फुलासाठी जवळपास त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर रूढ झाले. विसाव्या शतकात लिपी सोपी करताना वर उच्चार सुचवणारा भाग आणि खाली ‘दहा’चे चिन्ह एवढेच राहिले, फुलाचा मागमूसही उरला नाही.

१९३८ साली भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना ‘हुआ’ जोडले गेले, तेव्हा अभिप्रेत होता तो चीनच. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव सेनानी न्ये रोंगझेन यांनी ठेवले : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले, तेव्हा बाळ चार महिन्यांचेही नव्हते.

डॉक्टरांचे स्वतःचे नाव मात्र एकेक अक्षर सुटे करून पाहण्यासारखे आहे. ‘के’ हे आडनाव ‘कोटणीस’मधल्या पहिल्या ध्वनीशी जुळणारे, त्याचा एक अर्थ झाडाची फांदी. ‘दि’ हे चेरीच्या कुळातले मानले जाणारे एक फुलझाड. या दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला ‘झाड’ हे चिन्ह आहे, आणि ‘हुआ’च्या जुन्या रूपात डोक्यावर गवताचे. फांदी, झाड आणि फूल अशी तीन अक्षरे शेजारीशेजारी आली, की ‘हुआ’चा विसरलेला मूळ अर्थ आपोआप जागा होतो. मला तर हे नाव त्यामुळेच फार सुंदर वाटते. ‘शी-चिंग’ या चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात एक कविता आहे. तिच्या पहिल्याच ओळीत ‘दि’ आणि ‘हुआ’ ही दोन्ही अक्षरे येतात. त्या झाडाच्या झळाळत्या फुलांचे वर्णन करून ती कविता म्हणते, की माणसाला भावासारखे दुसरे कोणी नाही.