सिगारची रिकामी पेटी : मिळवावी कशी, वापरावी कशी

मागे शिवणकामाविषयी लिहिताना, माझी शिवणपेटी ही मूळची सिगारची पेटी आहे, असे एक वाक्य मी सहज लिहून गेले होते. सुयांविषयी आणि दोऱ्यांविषयी कोणी काही विचारले नाही. बहुतेक पत्रे त्या पेटीविषयीच आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : इंदुरात सिगार ओढणारे माझ्या पाहण्यात कोणीच नाही. मग रिकाम्या पेट्या मिळवायच्या कोठून? भंगारवाल्याला विचारले, तर तो नुसता हसला. (एक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : भंगारवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याचा व्यवहार वजनावर चालतो. रद्दी, लोखंड, प्लास्टिक यांना भाव असतो आणि पाव-अर्धा किलोची लाकडी पेटी यांतल्या कोणत्याच ढिगात बसत नाही. शिवाय स्वच्छता सर्वेक्षणात आपले शहर 2017 पासून अग्रस्थानी आहे, याचा मलाही अभिमान असला तरी रिकामे डबे जमवणाऱ्यांची त्यात पंचाईत झाली आहे, कारण ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा होऊन सकाळी दारातून उचलला जातो आणि कोपऱ्यावर पडलेली एखादी चीज अवचित हाती लागण्याची सोयच उरलेली नाही. म्हणून पेटीचा कचरा होण्याआधीच शब्द टाकून ठेवावा लागतो.

काही मोठ्या पानदुकानांत आणि हॉटेलांच्या बारमध्ये सिगारची पेटी उघडून एकेक नग विकला जातो. तेथील पेटी दोन-तीन महिन्यांनी रिकामी होते आणि मालकाला तिचे काय करावे हा प्रश्नच असतो. जाऊन एकदाच विचारू नये. आपला फोन क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा, पेटी घ्यायला स्वतः जावे आणि फुकट मागू नये. मला मिळालेल्या पेट्या साधारण दोघांच्या पोहे-जिलबीच्या पैशांत मिळाल्या आहेत. दुसरी जागा महूची. छावणीमुळे तेथे सेनेतून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ आहेत, आणि अशी घरे आवरली जातात तेव्हा माळ्यावरून बटणांनी, खिळ्यांनी किंवा जुन्या पावत्यांनी भरलेली एखादी सिगारपेटी हमखास खाली येते. माझी शिवणपेटी अशाच एका घरातली. तिच्यात चार विजेचे फ्यूज आणि एक मोडका चश्मा होता. परदेशांतून येणाऱ्या नातलगांनाही सांगून ठेवता येते, मात्र त्यांना रिकामी पेटीच आणायला सांगावे. भरलेली आणवली, तर ती रिकामी कोणी करायची हा वाद घरात सुरू होतो.

प्रश्न : मला एक पेटी मिळाली. वरून लाकडी दिसते, पण कोपऱ्यातून कागद सुटू लागला आहे. ही अस्सल आहे की नकली, आणि आत अजून तंबाखूचा वास आहे त्याचे काय करावे? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : नकली म्हणू नये, सिगारच्या पेट्या अनेक प्रकारच्या असतात. काही संपूर्ण उघड्या लाकडाच्या असतात, त्यांना पितळी बिजागरी आणि कडी असते, आणि त्यांचे कोपरे दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे जोडलेले असतात. काहींत पातळ लाकडावर किंवा प्लायवर छापील कागद चढवलेला असतो आणि झाकणाची बिजागरीही कागदाची किंवा कापडाची असते. उरलेल्या निव्वळ पुठ्ठ्याच्या. आपली पेटी मधल्या जातीची दिसते. खात्री करायची असेल तर झाकणाची आतली कड भिंगाखाली पाहावी. लाकडाच्या रेषा सलग दिसल्या तर ते एकसंध लाकूड, थर दिसले तर प्लाय, आणि भुसा दाबल्यासारखे दिसले तर फायबरबोर्ड.

चांगल्या पेट्यांचे लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ या नावाने ओळखले जाते. नावात सीडर असले तरी आपल्या देवदाराशी त्याचे काही नाते नाही. ते झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, महोगनीच्या आणि आपल्या कडुलिंबाच्या कुळातले आहे. आपल्याकडचा तून हा वृक्ष त्याचा इतका जवळचा की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच गटात धरत, आणि तुनाच्या लाकडाच्या सिगारपेट्या हिंदुस्थानातही होत असत. हे लाकूड वजनाला हलके असते, दमटपणा धरून ठेवते आणि त्याचा वास सिगारला मानवतो, म्हणून ते निवडले गेले. रिकाम्या पेट्यांपासून वस्तू करण्याची रीत मात्र करामुळे फोफावली. 1860 नंतरच्या दशकात अमेरिकेत, सिगार पेटीत भरून आणि पेटीवर कराचे तिकीट लावूनच विकावी, असा नियम झाला. पुढे तीच पेटी पुन्हा सिगारसाठी वापरण्यास मनाई झाली. त्यामुळे घरोघर उत्तम लाकडाच्या फुकट पेट्या साचल्या, आणि लोकांनी खिशातल्या चाकूने त्यांवर खाचा पाडून, थरावर थर चिकटवून, आरशांच्या चौकटी आणि दागिन्यांचे डबे केले.

आता वासाविषयी. आपल्याला येणारा वास निम्मा तंबाखूचा आणि निम्मा लाकडाचा आहे. तंबाखूचा चुरा कोपऱ्यांत बसलेला असतो. तो कोरड्या रंगब्रशने झाडावा, व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याने ओढून घ्यावा, आणि मग स्पिरिटमध्ये किंचित ओलवलेले फडके एकदाच फिरवावे. पाणी लावू नये. लाकडाचा वास मला स्वतःला आवडतो आणि लोकरीच्या कपड्यांत तो सुखद वाटतो. ज्यांना नकोच असेल त्यांनी चपडा (पॉलिशसाठी वापरतात ती लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून आतून दोन हात द्यावेत, वास बराचसा बंद होतो. खाण्याचा जिन्नस मात्र अशा पेटीत कधीही ठेवू नये, मग ती कितीही स्वच्छ केलेली असो.

पेटी घरात आणण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी, आणि ही मी आग्रहाने सांगते. टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे आणि बारीक पीठ दिसले, तर तंबाखूतला किडा आत असू शकतो. हा तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा किडा नुसत्या तंबाखूवर थांबत नाही. हळद, धणे, सुंठ, लाल तिखट हे सगळे त्याला चालते, म्हणजे त्याची पुढची मजल आपल्या मसाल्याच्या डब्यापर्यंत असते. संशय असो वा नसो, पेटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी सोडू नये, म्हणजे हवेतली वाफ लाकडावर न जमता पिशवीवर बाहेरून जमेल. उन्हात ठेवून किडे मारण्याचा घरगुती उपाय मी एकदा मे महिन्यात गच्चीवर करून पाहिला. किडे गेले असतील, झाकणही गेले. संध्याकाळपर्यंत ते पापडासारखे वाकले आणि पुन्हा कधी नीट बसले नाही.

प्रश्न : पेटीच्या झाकणावर तंबाखूच्या धोक्याचे मोठे चित्र चिकटवलेले आहे. त्यासकट शिवणपेटी कशी करणार? सगळी पेटी रंगवून टाकावी का? (एक गृहिणी, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : रंगवण्याची घाई करू नये. एप्रिल 2016 पासून आपल्या देशात तंबाखूच्या वेष्टनाच्या मुख्य दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा इशाऱ्याने व्यापलेला असावा लागतो, आणि आयात केलेल्या पेटीवर तो बहुधा वरून चिकटवलेला असतो. त्याच्याखाली मूळ झाकण शाबूत असते. केस वाळवण्याचे यंत्र वीतभर अंतरावर धरून एक कोपरा गरम करावा, जुन्या एटीएम कार्डाची कड त्याखाली सरकवावी आणि कागद वर न ओढता मागे दुमडत, सावकाश, गरम करत करत सोडवावा. उरलेला चिकटपणा उघड्या लाकडावर असेल तर स्पिरिटने जातो. खोबरेल किंवा रॉकेल लावण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. डाग लाकडात मुरतो. झाकणाखाली छापील सोनेरी कागद असेल, तर स्पिरिटसुद्धा आधी मागच्या बाजूला थेंबभर लावून शाई उतरते का ते पाहावे.

झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला जे रंगीत चित्र दिसते, ते मला या सगळ्या वस्तूतले सर्वांत मोलाचे वाटते. माझ्या पेटीत तंबाखूचे शेत, मागे डोंगर आणि कडेने सोनेरी पदकांची उठावदार रांग आहे. बोट फिरवले तर प्रत्येक पदक नाण्यासारखे हाताला लागते. पूर्वी मी एका पेटीतले असे चित्र ओल्या फडक्याने पुसले होते, तेव्हा कागद फुगला आणि पदके सपाट झाली. तेव्हापासून कागदावर मी फक्त मऊ खोडरबर वापरते, तेही कडेने. सुटलेल्या कडांना पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लावावा, वर बटर पेपर ठेवून पुस्तकाचे वजन द्यावे.

आता आतली रचना. मखमल थेट लाकडाला चिकटवू नये, ती मळल्यावर काढता येत नाही. आतल्या मापापेक्षा दोन मिलिमीटर लहान असा पुठ्ठा कापावा, त्यावर पातळ फोम, त्यावर मखमल ताणून मागे चिकटवावी आणि तो तुकडा नुसता आत बसवावा. कप्प्यांसाठी बर्फीच्या डब्याचा जाड पुठ्ठा पुरतो. दोन पट्ट्यांना निम्म्यापर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या, की फुलीसारखे चार घर तयार होतात आणि गोंदही लागत नाही. माझ्या पेटीत एका घरात रिळे, एकात हूक आणि बटणे, एकात टेप, आणि चौथ्यात नातीच्या भातुकलीतला पितळी पोळपाट आहे, तो तेथे का आहे हे मला सांगता येणार नाही.

कागदी बिजागरी फाटली असेल तर आतून सुती नाडी चिकटवावी. पितळी बिजागरी सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत अगदी अर्ध्या इंचापर्यंतची मिळते, पण तिच्यासोबत दिले जाणारे स्क्रू घेऊ नयेत. पेटीच्या भिंतीची जाडी साधारण पाव इंच असते आणि अर्ध्या इंचाचा स्क्रू सरळ पलीकडे निघतो. एक मिलिमीटरचे छिद्र आधी पाडून, तोडून आखूड केलेली चूक, म्हणजे बारीक खिळा, थोड्या गोंदासह बसवावी. बाहेरून पॉलिश हवेच असेल तर चपड्याचे हलके दोन हात पुरेत. लाकडावर तापाने भाजलेली अक्षरे असतील तेथे काचपेपर लावू नये.

जुनी छायाचित्रे किंवा पत्रे ठेवण्यासाठी मात्र ही पेटी वापरू नये. अशा सुवासिक लाकडातून सूक्ष्म आम्लयुक्त वाफ निघत राहते आणि बंद जागेत कागद पिवळा पडतो.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून अशा सजवलेल्या पेट्या देता येतील का? पूजेच्या साहित्यासाठी चालतील का? (दोन पत्रे, दोन्ही इंदूरहून)

उत्तर : वाणासाठी पंचवीस-तीस सारख्या पेट्या लागतील, आणि तितक्या इंदुरात वर्षभर हिंडूनही जमणार नाहीत. दिवाळीत सुक्या मेव्याच्या लाकडी पेट्या येतात, त्या नातलगांकडून आतापासून मागून ठेवाव्यात. आकार बहुधा सारखे असतात आणि वासाचा प्रश्न नसतो. पूजेच्या साहित्याचे म्हणाल, तर तंबाखूची पेटी देवघरात नको असे घरात एकालाही वाटत असेल तर ती तेथे ठेवूच नये. पेटीला दुसऱ्या शंभर जागा आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाने सिगारच्या पेटीची गिटार पाहिली आणि तशीच करायची म्हणतो. हे खरोखर वाजते का? (एक पालक, महू)

उत्तर : वाजते, आणि चांगले वाजते. अमेरिकेत गेल्या दीडशे वर्षांहून अधिक काळ लोक ही वाद्ये करत आले आहेत. तेथील यादवी युद्धातला एक सैनिक सिगारपेटीचे व्हायोलिन वाजवत बसल्याचे छापचित्र 1876 साली प्रसिद्ध झाले होते. यासाठी उघड्या लाकडाची किंवा पातळ प्लायची पेटी घ्यावी, पुठ्ठ्याची नको. झाकणावर बोटाने टिचकी मारली असता भरीव ‘ठप’ न येता थोडा घुमारा यायला हवा.

दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड आणि तीन फूट लांब अशी सरळ सागाची पट्टी सुताराकडून रंधून घ्यावी. ती पेटीच्या दोन्ही बाजूंना खाच पाडून आरपार न्यावी, म्हणजे तारांचा ताण पट्टीवर पडतो आणि नाजूक पेटी मोडत नाही. झाकणाखाली येणारा पट्टीचा भाग दोन-तीन मिलिमीटर खरवडून कमी करावा, नाहीतर झाकण पट्टीला टेकते आणि नाद मरतो. नवशिक्यांची चूक बहुतेक वेळा येथेच होते. वरच्या टोकाची आडवी पट्टी आणि घोडी (झाकणावर तारा टेकतात तो आधार) यांत पंचवीस इंच अंतर ठेवावे. गिटारच्या तारांच्या संचातील पाचवी, चौथी आणि तिसरी अशा तीनच तारा लावाव्यात, आणि त्या जी, डी, जी या स्वरांत मिळवाव्यात. आपल्या भाषेत हे सा, प आणि वरचा सा होतात, त्यामुळे घरात तंबोरा ऐकलेल्या मुलाला कानाने मिळवायला अवघड जाणार नाही. पट्टीवर स्वरांचे पडदे बसवण्याच्या भानगडीत पहिल्या वेळी पडू नये. काचेच्या लहान बाटलीने तारेवर घसरत वाजवावे. मींड आपोआप येते.

नव्या तारा पहिले चार-पाच दिवस सारख्या उतरतात. खुंट्या सैल आहेत असे समजून मुलगा त्या ठोकू लागेल, तेव्हा हात धरावा.